पहिला अल्बम, पहिली दाद आणि पहिला संशय : स्त्रियांच्या रॅपगटांकडे आपण कसे ऐकतो?

मध्य प्रदेशातील बालाघाट शहर वैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. तेथून महाराष्ट्रातील गोंदिया रेल्वेने चाळीसएक किलोमीटरवर, तर मुंबई सुमारे हजार किलोमीटरवर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच मोडत होता. बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिला. नकाशावर रेषा उमटली, तरी बोली त्या रेषेपाशी थांबल्या नाहीत. हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या भाषा या जिल्ह्यात आजही एकमेकींच्या शेजारी नांदतात. एकाच दिवसात कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी ऐकणाऱ्या गोव्यातील वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. महाराष्ट्राबाहेरची मराठी अशीच असते: दुसऱ्या भाषांच्या सोबतीने जगणारी आणि त्यांच्याशी शब्दांची देवघेव करणारी.

अशा मिश्र भाषेला आजच्या संगीतात हक्काची जागा देणारा प्रकार म्हणजे रॅप. मुंबईतील ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा केवळ स्त्रियांचा हिपहॉप गट २०२० मध्ये उभा राहिला. क्रांतीनारी, हॅशटॅगप्रीती, एमसी महिला, जेक्वीन आणि प्रतिका या त्यातील रॅपर. त्यांच्यासोबत ब्रेकडान्स करणाऱ्या, भिंतीवर चित्राक्षरे रंगवणाऱ्या आणि स्केटबोर्ड चालवणाऱ्या मुलीही या गटात सामील झाल्या. गाण्यांत हिंदी, मराठी आणि इंग्रजीसह आणखी भाषा येतात. ‘आय डू इट फॉर हिपहॉप’, ‘गेम फ्लिप’, ‘उड्डू आझाद’ अशा सुट्या गाण्यांतून हा गट श्रोत्यांपर्यंत पोहोचला. आता हजार किलोमीटरवरच्या बालाघाटातही हे गाणे मुंबईत पोहोचते त्याच क्षणी मोबाइलवर पोहोचू शकते.

गाणे पोहोचते, पण ते ऐकले कसे जाते, हा प्रश्न उरतोच. स्त्रियांच्या रॅपगटाचे पहिले काम बाहेर आले की दोन प्रतिक्रिया जवळजवळ ठरलेल्या असतात. पहिली आश्चर्याची: बायकाही रॅप करतात! दुसरी संशयाची: पण हे लिहून कोण देते? एकीत कौतुक आहे, दुसरीत अविश्वास; तरी दोहोंमध्ये एक साम्य आहे. दोन्ही प्रतिक्रिया गाणाऱ्या व्यक्तीविषयी आहेत, गाण्याविषयी नाहीत. ही सवय आजची नव्हे आणि केवळ भारताचीही नव्हे. ती कशी निर्माण होते आणि तिचे परिणाम काय होतात, हे समजून घ्यायचे तर सुमारे चार दशकांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधील एका पदार्पणाकडे पाहावे लागते.

आरंभापासून उपस्थित

हिपहॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मानली जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात त्या दिवशी एक नृत्यमेळावा झाला. तबकड्या वाजवणारा कूल हर्क हा जगप्रसिद्ध झाला. परंतु तो मेळावा भरवला होता त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू होता. मुलींना २५ सेंट आणि मुलग्यांना ५० सेंट असे प्रवेशमूल्य होते. ज्या घटनेपासून हा संगीतप्रकार आपला इतिहास मोजतो, ती घटना एका मुलीने घडवून आणलेली आहे.

पुढे रॅपच्या तबकड्या निघू लागल्या, तेव्हाही स्त्रिया मागे नव्हत्या. १९७९ मध्ये ‘द सीक्वेन्स’ या दक्षिण कॅरोलायनातील तीन मुलींच्या गटाचे ‘फंक यू अप’ हे गाणे शुगर हिल रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केले. ही कंपनी चालवणारी सिल्व्हिया रॉबिन्सन हीदेखील स्त्रीच. १९८४ मध्ये चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांते हिने एका पुरुष गटाच्या गाण्याला प्रत्युत्तर देणारे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि उत्तर-प्रत्युत्तरांच्या गाण्यांची एक लाटच उसळली. म्हणजे ‘बायकाही रॅप करतात’ हे आश्चर्य मुळातच निराधार होते. तरीही प्रत्येक नव्या गटाच्या वेळी ते नव्याने व्यक्त होत राहिले, कारण आधीच्या स्त्रियांची आठवण ठेवली गेली नव्हती.

सॉल्ट-एन-पेपाचे पदार्पण

शेरिल जेम्स आणि सँड्रा डेंटन या क्वीन्स भागातील दोन विद्यार्थिनी सिअर्स या मोठ्या दुकानाच्या नोकरीत होत्या. तेथील त्यांचा सहकारी हर्बी अझोर संगीतनिर्मिती शिकत होता. १९८५ मध्ये डग ई. फ्रेश आणि स्लिक रिक यांचे ‘द शो’ हे गाणे गाजत असताना अझोरने या दोघींकडून त्याला टोला देणारे ‘द शोस्टॉपर’ हे गाणे गाऊन घेतले. तेथून ‘सॉल्ट-एन-पेपा’ हे नाव रूढ झाले. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘हॉट, कूल अँड व्हिशस’ नेक्स्ट प्लॅटो या लहान कंपनीने प्रसिद्ध केला. पुढे तबकडीवादक म्हणून डिएड्रा रोपर ऊर्फ स्पिंडेरेला या गटात आली आणि तिघींची ओळख पक्की झाली.

या अल्बमला मिळालेली दाद समजून घेताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते: त्याचे भवितव्य समीक्षकांनी नव्हे, श्रोत्यांनी ठरवले. ‘ट्रॅम्प’ हे गाणे तबकडीच्या मुख्य बाजूला होते आणि ‘पुश इट’ हे तिच्या मागच्या बाजूला. मागची बाजू म्हणजे कंपनीच्या लेखी दुय्यम गाणे. परंतु सॅन फ्रान्सिस्कोतील कॅमेरॉन पॉल या डीजेने त्याचा नवा ताल बांधला, नृत्यगृहांत आणि रेडिओवर ते वाजू लागले आणि लोकांनी मागच्या बाजूलाच मुख्य बाजू केले. ‘पुश इट’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९ व्या स्थानापर्यंत पोहोचले. नंतरच्या आवृत्त्यांत ते अल्बममध्येच समाविष्ट करण्यात आले. अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. एवढी मजल मारणारा स्त्री-रॅपरांचा हा पहिला अल्बम ठरला.

‘ट्रॅम्प’ची गोष्टही बोलकी आहे. ओटिस रेडिंग आणि कार्ला थॉमस यांनी १९६७ मध्ये गाजवलेल्या जुन्या गाण्याच्या आधारावर ते रचलेले होते. स्त्रीला हिणवण्यासाठी सर्रास वापरला जाणारा तो शब्द या गाण्यात मागे लागणाऱ्या पुरुषांकडे वळवण्यात आला. जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचा आणि त्याचा रोख बदलायचा, हे रॅपचे मूलभूत तंत्र. येथे ते तंत्र आणि आशय एकजीव झाले होते. परंतु गाण्याच्या या बांधणीकडे लक्ष जाण्याआधी चर्चा होई ती दोघींच्या पेहरावाची आणि ‘पुश इट’च्या कथित चावटपणाची. ते गाणे नृत्याविषयी आहे, असे गटाने नंतर वारंवार सांगितले. हिपहॉपच्या कट्टर चाहत्यांचा आक्षेप वेगळाच होता. हे नाचण्याजोगे, सर्वांना आवडेल असे गाणे अस्सल रॅप नव्हे, असे त्यांचे म्हणणे असे.

लेखणी कोणाची?

या अल्बमविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. गाण्यांचे लेखन आणि निर्मिती बहुतांशी अझोरची होती. मग स्त्रियांच्या आवाजात बोलतो आहे तो पुरुषच, असे म्हणावे काय?

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, यात शंका नाही. रॅपमध्ये ‘स्वतःचे शब्द’ ही प्रतिष्ठेची बाब असते. शास्त्रीय गायकाने दुसऱ्याची बंदिश गायली तर कोणी नाक मुरडत नाही. रॅपरने दुसऱ्याचे शब्द उच्चारले तर ती जवळजवळ अप्रामाणिकता मानली जाते. परंतु न्याय एकाच मापाने व्हायला हवा. पुरुष रॅपरांनीही दुसऱ्यांकडून शब्द घेतल्याची उदाहरणे त्या काळापासून आहेत. त्यांच्याबाबत हा प्रश्न क्वचित, तर स्त्रियांबाबत पहिल्याच ओळीला विचारला गेला. शिवाय लिहिलेली ओळ आणि उच्चारलेली ओळ यांत अंतर असते. कोठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, दोघींनी एकत्र कधी बोलायचे आणि एकीने दुसरीचे वाक्य कोठे तोडायचे, हे कागदावर पूर्णपणे लिहून देता येत नाही.

या आक्षेपाला खरे उत्तर काळाने दिले. १९९० मधील ‘ब्लॅक्स मॅजिक’ या तिसऱ्या अल्बममधील ‘एक्स्प्रेशन’ हे गाणे शेरिल जेम्सने स्वतः लिहिले आणि त्याची निर्मितीही केली. १९९३ च्या ‘व्हेरी नेसेसरी’पर्यंत गटाचा स्वतःच्या कामावरील ताबा आणखी वाढला. १९९५ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांच्या प्रभावाची दखल घेतली. पहिल्या अल्बममध्ये जी उणीव होती ती खरीच होती. परंतु ती शिकण्याच्या वाटेवरची उणीव होती. ‘यांना लिहिताच येत नाही’ असा निवाडा तेव्हा ज्यांनी दिला असेल, त्यांनी निवाड्याची घाई केली, एवढाच त्याचा अर्थ.

दोन जागा, एक विस्मरण

१९८९ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत रॅपसाठी प्रथमच स्वतंत्र विभाग करण्यात आला. नामांकने पाच होती. त्यांपैकी एक ‘पुश इट’चे आणि दुसरे ‘जे. जे. फॅड’ या कॅलिफोर्नियातील मुलींच्या गटाच्या ‘सुपरसॉनिक’ या गाण्याचे. म्हणजे रॅपच्या पहिल्या राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत पाचांपैकी दोन जागा स्त्रियांच्या गटांच्या होत्या. हा पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार नाही, हे कळल्यावर सॉल्ट-एन-पेपासह अनेकांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला.

जे. जे. फॅडची कथा अधिक चटका लावणारी आहे. त्यांचा ‘सुपरसॉनिक’ हा पहिला अल्बम १९८८ मध्ये रूथलेस रेकॉर्ड्स या कंपनीने काढला आणि तो चांगला खपला. त्याच कंपनीने त्याच सुमारास एन.डब्ल्यू.ए. या पुरुष गटाचा अल्बम काढला. आज त्या पुरुष गटावर चित्रपट आहे, ग्रंथ आहेत, जे. जे. फॅडचे नाव जाणकारांनाच ठाऊक असते. तत्काळ मिळणारी दाद आणि टिकणारी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रोते पहिली देतात. दुसरी समीक्षक, संपादक आणि इतिहासकार यांच्या हाती असते. स्त्रियांच्या गटांना बहुधा पहिली मिळाली आणि दुसरी नाकारली गेली.

भारतातील चित्र

भारतात रॅपला घरोघरी पोहोचवले ते फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने. मुंबईच्या वस्त्यांतील मुलग्यांची ती कथा होती. त्याच वर्षी कल्याणमध्ये वाढलेल्या डी एमसी या रॅपर तरुणीचा पहिला अल्बम आला. मराठीच्या अंगणातही हालचाल सुरू होती. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडी बोलीत रॅप करू लागला होता. महादेव कोळी समाजातून आलेल्या ‘माही जी’ ऊर्फ मधुरा घाणे हिने आदिवासींचे जगणे आणि पर्यावरण हे विषय रॅपमध्ये आणले. २०२३ मध्ये ग्रीनपीस इंडियाच्या साथीने तिने उष्णतेच्या लाटेवर गाणे केले.

श्रोत्यांच्या प्रतिक्रियेचा सर्वांत ठळक नमुना २०२२ मध्ये दिसला. ‘एमटीव्ही हसल २.०’ या स्पर्धेत मुंबईच्या सृष्टी तावडे हिचे ‘मैं नहीं तो कौन’ हे गाणे देशभर पसरले. असंख्य लोकांनी त्यावर छोट्या चित्रफिती केल्या. त्याच लाटेत थट्टेच्या फितीही आल्या आणि ‘हे कसले रॅप?’ असे प्रश्नही. तिच्या बोलण्यातील खेळकर, बडबडगीतासारखी लय हा काहींच्या मते दोष होता, तर काहींच्या मते तेच तिचे वेगळेपण. या वादात एक चांगली गोष्ट होती: निदान त्यातील काही भाग खरोखर लयीविषयी होता. गाणाऱ्या स्त्रीवरून चर्चा गाण्यावर सरकणे, हीच खरी प्रगती म्हणायची.

एकट्या गायिकेपेक्षा गटाची परीक्षा आणखी अवघड असते. ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’सारख्या गटात पाच वेगवेगळे आवाज आहेत. प्रतिका ही तर मेटल संगीताच्या कर्कश दुनियेतून रॅपकडे वळलेली. अशा वेळी ‘स्त्रियांचा गट’ हे एकच लेबल पाचही जणींवर चिकटवले की एकीचा आवाज दुसरीपेक्षा कोठे वेगळा आहे, हे ऐकण्याची गरजच उरत नाही. पुरुषांच्या गटात श्रोता आवडता आवाज निवडतो, त्यावर वाद घालतो. स्त्रियांच्या गटाला मात्र एकत्रच शाबासकी किंवा एकत्रच तंबी मिळते.

घरचे माप

या साऱ्याकडे पाहण्यासाठी मराठी श्रोत्याला परके माप उसने आणण्याची गरज नाही. जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्या हे लयबद्ध, स्वरचित, प्रसंगी बोचऱ्या उच्चाराचे मोठे भांडार आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सासर, नवरा, जात, गरिबी, बाबासाहेब, विठ्ठल अशा सर्व विषयांवर त्या बोलतात. जात्याची घरघर हाच तेथला ताल. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, ही रीतही जुनीच.

गोव्यातील धालो आठवावा. पौषाच्या थंडीत मांडावर स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग गाते, दुसरी उत्तर देते. फुगडीत तर श्वासच ताल होतो. विदर्भातील भुलाबाईच्या गाण्यांत मुली सासरची यथेच्छ खिल्ली उडवतात. रॅपगटात एक आवाज ओळ सोडतो आणि दुसरा ती झेलतो, तेव्हा घडते ते याहून फार निराळे नसते. ओवी म्हणजे रॅप नव्हे. दोहोंचा उगम, समाज आणि हेतू भिन्न आहेत. परंतु लयीत बोलणाऱ्या बायकांचा समूह ऐकून मराठी माणसाने थक्क व्हावे, असे त्यात काही नाही.

तरीही थक्क होण्याची सवय मराठीतही जुनी आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली, तेव्हा एका निरक्षर शेतकरी स्त्रीने हे रचले याचेच आश्चर्य सर्वतोमुखी झाले. ते आश्चर्य प्रामाणिक होते आणि त्यामुळे कविता घरोघरी पोहोचली, हेही खरे. परंतु तिच्या बोलीची चाल, शब्दांची काटकसर आणि प्रतिमांची नेमकी बसणी यांकडे शांतपणे पाहायचे तर आधी ते आश्चर्य बाजूला ठेवावे लागते. कौतुकही कधी कधी ऐकण्याच्या आड येते.

ऐकावे काय?

मग स्त्रियांच्या रॅपगटाचा पहिला अल्बम हाती आल्यावर श्रोत्याने कशाकडे लक्ष द्यावे? चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, ताल आणि शब्द यांचे नाते. रॅपमध्ये बहुधा चार ठोक्यांचे आवर्तन असते. शब्द ठोक्यावर पडतो की जाणीवपूर्वक त्याच्या किंचित पुढेमागे, हे ऐकावे. दुसरी, आवाजांची वाटणी. पाच जणी असतील तर पाचही जणी वेगळ्या ओळखू येतात काय? एकीनंतर दुसरी आली म्हणजे गाण्याचा विचार पुढे सरकतो की केवळ पाळी बदलते? तिसरी, भाषा. मराठीतून हिंदीत किंवा इंग्रजीत उडी मारली जाते ती यमकाच्या सोयीसाठी की अर्थाच्या गरजेसाठी? बालाघाट किंवा गोव्यासारख्या बहुभाषिक प्रदेशातील श्रोता हे इतरांपेक्षा लवकर ओळखू शकतो, कारण अशी उडी तो स्वतः रोज मारतो. चौथी, अल्बमची सलगता. एखादे गाणे योगायोगानेही गाजते. आठ-दहा गाण्यांत काही सांगायचे असेल तर ते लपत नाही आणि नसेल तर तेही लपत नाही.

या चार कसोट्यांवर एखादा गट कमी पडला, तर तसे स्पष्ट म्हणावे. स्त्रिया आहेत म्हणून सवलत देणे हाही त्यांना गंभीरपणे न घेण्याचाच प्रकार. ‘पहिल्या प्रयत्नाच्या मानाने छान’ या वाक्यात जेवढा आदर दिसतो, तेवढा तो असत नाही. सॉल्ट-एन-पेपाच्या पहिल्या अल्बममध्ये लेखणी परक्याची होती, असे म्हणणारी टीका कठोर असली तरी उपयोगाची होती. पेहरावावरील शेरे निरुपयोगी होते. दोहोंतील फरक कळणे, हीच श्रोत्याची आणि समीक्षकाची समज.

याचे परिणाम त्या त्या गटापुरते राहत नाहीत. वहीच्या मागच्या पानांवर ओळी जुळवणारी मुलगी बालाघाटच्या एखाद्या गल्लीत असेल, साखळी किंवा काणकोणच्या एखाद्या वाड्यावरही असेल. आपल्या आधीच्या मुलींचे काय झाले, हे ती पाहत असते. त्यांच्या कपड्यांची चर्चा झाली की त्यांच्या ओळींची, यावरून वही उघडी ठेवायची की मिटायची, हे ती ठरवते. सिंडी कॅम्पबेलच्या मेळाव्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळानंतर ‘बायकाही रॅप करतात’ ही बातमी राहिलेली नाही. त्या काय म्हणतात आणि ते किती चांगले म्हणतात, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या अल्बमसोबत नव्याने विचारायला हवा.